हरणारा पैसे भरतो

२०१९च्या फेब्रुवारीत जपानमधल्या फुकुओका शहरात ‘एव्हो जपान’ नावाची मोठी स्पर्धा होती. त्यात ‘टेक्कन ७’ हा गेमही होता. टेक्कन म्हटलं की तेव्हा दोनच देश मोजायचे, जपान आणि दक्षिण कोरिया. जपानने गेम बनवला, कोरियाने तो सगळ्यात चांगला खेळून दाखवला. बाकीच्या देशांचे खेळाडू यायचे, चांगली लढत द्यायचे, घरी जायचे.

त्या स्पर्धेत लाहोरहून एक मुलगा आला. अर्सलान सिद्दीक, खेळताना घेतलेलं नाव अर्सलान ॲश. व्हिसाचा घोळ, मग विमानं बदलत केलेला लांबलचक प्रवास, आणि खिशातले पाकिस्तानी रुपये विमानतळावर कोणी बदलून देईना. धड झोप नाही, धड जेवण नाही, अशा अवस्थेत तो ऐन वेळेला पोहोचला आणि स्पर्धा जिंकला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये लास वेगासला मुख्य ‘एव्हो’ झाली. तिथे अंतिम सामन्यात समोर होता कोरियाचा बे जे-मिन, ज्याला सगळं जग ‘नी’ म्हणून ओळखतं आणि ज्याला अनेक जण टेक्कनचा आजवरचा सर्वोत्तम खेळाडू मानतात. अर्सलानने त्यालाही हरवलं.

जपानमधल्या विजयानंतर तो जे बोलला ते मला जिंकण्यापेक्षा जास्त महत्त्वाचं वाटतं. त्याचं म्हणणं असं, की माझ्याच तोडीचे खेळाडू तिकडे लाहोरात आणखी आहेत, त्यांना बाहेर पडता येत नाही एवढंच. लोकांना ती नम्रता वाटली असणार. ती नम्रता नव्हती, माहिती होती.

हे कसं झालं, हे समजून घ्यायचं तर तुम्हाला मोबाइल बाजूला ठेवून (म्हणजे हे वाचून झाल्यावर) एका नाण्याचा विचार करावा लागेल.

१९९१ साली कॅपकॉम या जपानी कंपनीने ‘स्ट्रीट फायटर २’ बाजारात आणला. त्याआधीचे बहुतेक आर्केड गेम माणूस विरुद्ध यंत्र असे होते. तुम्ही नाणं टाकायचं, यंत्राने तुम्हाला मारायचं, तुम्ही पुन्हा नाणं टाकायचं. स्ट्रीट फायटर २मध्ये शेजारचा अनोळखी माणूस नाणं टाकून थेट तुमच्या खेळात घुसू शकत होता. मग दोघांची लढत. जिंकेल तो तिथेच उभा राहणार, त्याच नाण्यावर पुढे खेळणार. हरेल त्याने बाजूला व्हायचं, आणि परत खेळायचं असेल तर पुन्हा पैसे.

नियम एवढाच. पण याने काय होतं बघा. ज्याला खेळ येतो त्याला खेळ जवळपास फुकट पडतो. ज्याला येत नाही त्याला तो महाग पडतो, आणि तो महागपणा टाळायचा एकच मार्ग आहे, शिकणं. शिकायचं कुणाकडून? ज्याने आत्ता तुम्हाला हरवलं त्याच्याकडून. अमेरिकेत लोक पुढचा नंबर लावायला मशीनच्या काचेखाली नाण्यांची रांग लावायचे आणि मागे उभे राहून बघायचे. त्या बघण्यातच शाळा भरायची. जपानमध्ये दोन मशीन पाठीला पाठ लावून ठेवायची पद्धत पडली. प्रतिस्पर्ध्याचं तोंडही दिसत नाही, पलीकडून फक्त काठीचा खडखडाट ऐकू येतो.

शिकायला पुस्तक नव्हतं. हादोकेन मारायला काठी खालून पुढे फिरवून ठोशाचं बटण दाबायचं, हे एकाने दुसऱ्याला दाखवायचं. जे तोंडी चालतं त्यात अफवा आल्याच. अमेरिकेतल्या एका गेम मासिकाने एप्रिल १९९२च्या अंकात ‘शेंग लाँग’ नावाचं गुप्त पात्र गेममध्ये लपलंय असं छापलं. एप्रिल फूल होता तो, मुळात एका जपानी शब्दाच्या चुकलेल्या भाषांतरातून निघालेला. पण कित्येक मुलांनी त्यापायी नाणी घालवली. कॅपकॉमनेही पुढे १९९४च्या आवृत्तीत खरंच एक गुप्त पात्र घातलं.

आणि ज्याला आपण ‘कॉम्बो’ म्हणतो, एकाला जोडून दुसरा, तिसरा फटका, समोरच्याला मधे सुटायला वावच नाही, तोही कुणी ठरवून केलेला नव्हता. गेममधल्या चुका शोधताना निर्माते नोरिताका फुनामिझू यांना गाडी फोडायच्या बोनस फेरीत फटके असे जोडले जाताना दिसले. हे इतक्या नेमक्या वेळेला करणं कुणाला जमणार नाही, म्हणून ते तसंच ठेवलं. लोकांना जमलं. अख्खा खेळ त्याच्याभोवती उभा राहिला.

१९९६ साली कॅलिफोर्नियातल्या सनीव्हेल गावात, गोल्फलँड नावाच्या मिनी गोल्फ आणि आर्केडच्या जागेत, टॉम कॅनन आणि मित्रांनी एक स्पर्धा भरवली. नाव ‘बॅटल बाय द बे’. खेळाडू ४०. यातूनच २००२ साली ‘एव्होल्यूशन’, म्हणजे आजची एव्हो, तयार झाली. एक गोष्ट तेव्हापासून आजतागायत टिकली. एव्होला कुणीही नाव नोंदवू शकतो. निवड समिती नाही, संघ नाहीत, फ्रँचायझी नाहीत. प्रवेश शुल्क भरा, गटात नाव लागेल. दोनदा हरलात की बाहेर. तुमच्या पहिल्याच सामन्यात समोर जगज्जेता बसलेला असू शकतो. क्रिकेटमध्ये असं कधी होईल का, की तुम्ही तिकीट काढलंत आणि बुमरा तुम्हाला पहिली ओव्हर टाकायला आला?

इथे मला २००४वर थांबायचं आहे, कारण त्या वर्षीचा एक प्रसंग फायटिंग गेम न खेळणाऱ्यांनीही पाहिलेला असतो.

१ ऑगस्ट २००४, कॅलिफोर्नियातलं पोमोना, एका विद्यापीठाचा हॉल. गेम ‘स्ट्रीट फायटर ३: थर्ड स्ट्राइक’. एका बाजूला न्यू यॉर्कचा जस्टिन वाँग. चायनाटाउनमध्ये मॉट स्ट्रीटवरच्या ‘चायनाटाउन फेअर’ या अरुंद, कोंदट आर्केडमध्ये घडलेला. वाट बघणारा, कंटाळा आणून मारणारा खेळाडू. दुसऱ्या बाजूला जपानचा दाईगो उमेहारा. १९९८ साली सॅन फ्रान्सिस्कोला येऊन त्याने अमेरिकेच्या ॲलेक्स व्हॅलेला हरवलं होतं, तेव्हापासून त्याचं नाव अमेरिकन आर्केडमध्ये हलक्या आवाजात घेतलं जायचं.

जस्टिनकडे चुन-ली, दाईगोकडे केन. केनच्या आयुष्याच्या पट्टीत केसाएवढी रेघ उरलेली. या गेममध्ये साधा फटका अडवला तर काही होत नाही, पण खास फटका अडवला तरी थोडं आयुष्य जातं. म्हणजे दाईगोने आता कुठलाही खास फटका नुसता अडवला तरी तो मेला. जस्टिनने चुन-लीची महालाथ सोडली, एकामागून एक पंधरा लाथा.

थर्ड स्ट्राइकमध्ये ‘पॅरी’ नावाची एक सोय आहे. फटका लागायच्या नेमक्या क्षणी काठी पुढे ढकलायची, म्हणजे मागे नाही, मार येतोय त्या दिशेला. वेळ साधली तर काहीच आयुष्य जात नाही. वेळ चुकली तर पूर्ण फटका अंगावर. सेकंदाच्या साधारण सहाव्या भागाएवढी ती फट असते. आणि पहिली लाथ इतकी झटकन येते, की ती दिसल्यावर काठी ढकलून उपयोग नाही, ती येणार हे आधी ओळखावं लागतं.

दाईगोने पहिली अडवली. दुसरी अडवली. तोवर हॉलमधल्या लोकांना कळलं होतं काय चाललंय, आणि ओरडा सुरू झाला. सगळ्या अडवल्या. शेवटची लाथ त्याने उडी मारून हवेत अडवली, कारण तिथून खाली येताना सर्वांत मोठा कॉम्बो बसतो, आणि तो बसवून त्याने सामना संपवला. अजून बघितलं तरी माझ्या हाताला घाम येतो.

तेव्हा यूट्यूब नव्हतं. ही क्लिप फाइल म्हणून या कॉम्प्युटरवरून त्या कॉम्प्युटरवर फिरली. नाव पडलं ‘एव्हो मोमेंट ३७’. आधीचे छत्तीस कुठे आहेत म्हणून शोधू नका, आकडा उगाच दिलाय, असे क्षण भरपूर आहेत असं वाटावं म्हणून.

या क्लिपमध्ये लोकांना एक प्रतिभावान माणूस दिसतो. मला दोन खोल्या दिसतात. टोकियोच्या आर्केडमध्ये चुन-लीची ही लाथ अडवायचा सराव आधीपासून चालायचा. दाईगोने तो क्षण शोधला नाही, तो तयार होऊन आला होता, आणि त्याला तयार करणारे शेकडो लोक पडद्यावर दिसत नाहीत. त्या स्पर्धेत तो अखेर जिंकला नाही, हे तर फार जणांना माहीतही नसतं. हा सामना अंतिम फेरीच्या आधीचा होता. अंतिम सामन्यात त्याला हरवलं केंजी ओबाताने, तोही जपानचाच.

मग त्या खोल्या बंद पडायला लागल्या. घरी प्लेस्टेशन आलं, जागांची भाडी वाढली. २००४ सालीच एव्होने आर्केड मशीन सोडून सगळ्या स्पर्धा कन्सोलवर घेतल्या आणि जुने लोक जाम चिडले. दाईगोसुद्धा काही वर्षं खेळातून बाहेर पडला. माहजोंगमध्ये नशीब आजमावलं, मग वृद्धांच्या शुश्रूषेचं काम केलं. ‘स्ट्रीट फायटर ४’ आल्यावर तो परतला आणि २००९, २०१०ची एव्हो जिंकला. चायनाटाउन फेअर २०११ साली बंद झालं. पुढच्या वर्षी नव्या मालकाने उघडलं, पण ते आता लहान मुलांना घेऊन जाण्याचं ठिकाण झालं होतं. जुन्या चायनाटाउन फेअरमध्ये कृष्णवर्णीय, लॅटिनो, चिनी मुलं रात्री उशिरापर्यंत पडून असायची. घरी जायची इच्छा नसलेली बरीच. एका डॉलरात तिथे बराच वेळ काढता यायचा, खेळ येत असेल तर.

आपल्याकडेही अशा खोल्या होत्या, पण आपला खेळ वेगळा होता. आपल्या पार्लरचा राजा ‘मुस्तफा’. खरं नाव ‘कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स’, कॅपकॉमनेच १९९३ साली काढलेला. पिवळ्या टोपीवाल्या मुस्तफावर इतका जीव, की देशभर गेमलाच त्याचं नाव पडलं. पण मुस्तफा तिघांनी मिळून खेळायचा गेम. एकमेकांशी लढायचं मशीन कोपऱ्यात असायचं, बहुतेक ‘किंग ऑफ फायटर्स ९७’. आमच्या गावी एसटी स्टँडच्या मागे, पत्र्याच्या शेडमध्ये असं एक पार्लर होतं. एक रुपयाला एक टोकन. तिथे सायकलच्या दुकानात काम करणारा एक मुलगा यायचा, बोटांना कायम ग्रीस. तो इओरी घ्यायचा आणि संध्याकाळभर एका टोकनवर उभा राहायचा. आम्ही कॉलेजची पोरं रांगेने टोकन घालून हरायचो. त्याचं आडनाव कुणाला माहीत नव्हतं. शाळेतली मुलं दप्तर मांडीखाली लपवून बसायची, मधूनच कुणाचा तरी बाप कानाला धरून न्यायला यायचा. तिथे आता मोबाइल रिपेअरिंग आहे. पार्लर ही बिघडलेल्या पोरांची जागा असं आपण ठरवलं होतं, त्यामुळे ती गेली तेव्हा हळहळ वाटण्याचा प्रश्नच आला नाही.

मग इंटरनेटवर खेळायचं. यात अडचण होती ती अशी. फायटिंग गेम सेकंदाला ६० चित्रांवर चालतो. एखादा फटका ओळखायला तुमच्याकडे दहा-पंधरा चित्रांचा वेळ असतो. तुमचं बटण समोरच्याच्या यंत्रापर्यंत पोहोचेपर्यंत जुनी पद्धत सरळ वाट बघायची, आणि खेळ चिखलात चालल्यासारखा व्हायचा. हे सोडवलं ते कुठल्या कंपनीने नाही. सनीव्हेलच्या टोळीतल्याच टोनी कॅननने, टॉमच्या भावाने, २००६च्या सुमारास ‘जीजीपीओ’ नावाची प्रणाली लिहिली. तिची कल्पना अशी: थांबू नका, समोरचा काय करणार याचा अंदाज बांधून पुढे जा. बहुतेक वेळा माणूस आत्ता जे बटण दाबून आहे तेच पुढच्या क्षणी दाबून असतो. अंदाज चुकला तर गेम काही चित्रं मागे जातो, दुरुस्त करतो आणि पुन्हा पुढे येतो, तुमच्या डोळ्याला कळायच्या आत. याला रोलबॅक म्हणतात. मोठ्या जपानी कंपन्यांना हे पटायला दहा-पंधरा वर्षं लागली. २०२०मध्ये सगळं जग घरात अडकलं, तेव्हा कुठे ते सर्वत्र पोहोचलं.

आता लाहोर. तिथे ही खोली बंद पडली नव्हती. कन्सोल घरी घेणं परवडत नाही, कंपन्यांच्या अधिकृत स्पर्धा नाहीत, व्हिसा मिळत नाही. म्हणून मुलं गल्लीतल्या दुकानात जाऊन टोकन घ्यायची, आधी किंग ऑफ फायटर्स, मग टेक्कन. हरणारा पैसे भरणार, जिंकणारा बसून राहणार. ज्या नियमाने १९९१मध्ये कॅलिफोर्निया आणि टोकियो घडवलं, तो नियम श्रीमंत देशांत मोडीत निघाला आणि लाहोरात गरजेपोटी चालू राहिला. वर्षानुवर्षं तेच शंभर-दोनशे लोक एकमेकांना हरवत राहिले आणि बाहेर कुणाला पत्ता नाही. त्यांनाही पत्ता नाही की आपण किती चांगले आहोत. मोजायला समोर दुसरं कुणी नव्हतं.

लोक याला चमत्कार म्हणतात, गरिबीतून आलेलं हिऱ्यासारखं पोर वगैरे. मला हे म्हणणं मान्य नाही. हिरा म्हटलं की खाणीतल्या बाकीच्यांचं काम पुसलं जातं. नीचं तसं नव्हतं. हरल्यावर तो स्वतः पाकिस्तानात गेला, त्या मुलांसोबत बसला, खेळला, पुष्कळदा हरला. जगातला सगळ्यात मोठा खेळाडू टोकन घेऊन शिकायला आला, असं म्हणा. त्यानंतर अर्सलानने २०२३मध्ये एव्हो जपान आणि एव्हो दोन्ही जिंकल्या, २०२४मध्ये ‘टेक्कन ८’वर पुन्हा एव्हो. २०२३मध्ये ॲमस्टरडॅमला झालेली टेक्कन वर्ल्ड टूरची अंतिम स्पर्धा जिंकली आतिफ बटने, तोही पाकिस्तानचा. म्हणजे तो विजयानंतर जे म्हणाला ते शब्दशः खरं होतं.

खोलीबद्दल एवढं प्रेमाने लिहिल्यावर तिच्या दाराबद्दलही लिहायला हवं. हे दार सगळ्यांना सारखं उघडं नव्हतं. २०१२मध्ये कॅपकॉमच्याच एका ऑनलाइन कार्यक्रमात एका महिला खेळाडूला तिच्याच संघाच्या प्रशिक्षकाने कॅमेऱ्यासमोर दिवसेंदिवस छळलं. विचारल्यावर त्याचं उत्तर होतं की असलं वागणं या समुदायाच्या संस्कृतीचाच भाग आहे. तिने स्पर्धा सोडली. नाणं टाकलं की कुणीही खेळू शकतं हे खरं, पण ते नाणं टाकेपर्यंत आणि टाकल्यावर काय काय ऐकून घ्यावं लागतं, याचा हिशेब मुलांनी कधी ठेवला नव्हता. २०२०च्या उन्हाळ्यात तो हिशेब एकदम समोर आला. एव्होच्या एका संस्थापकावर लैंगिक गैरवर्तनाचे आरोप झाले, त्याला काढलं गेलं, गेम कंपन्यांनी पाठिंबा काढून घेतला आणि त्या वर्षीची ऑनलाइन एव्हो रद्द झाली. काहींना वाटलं इथे सगळं संपलं. मला वाटतं, ४० माणसांच्या मैत्रीवर चालणारी गोष्ट हजारो माणसांची झाली तरी तशीच चालवली, की हे होणारच होतं. मित्राविरुद्ध तक्रार कुणाकडे करायची? त्याच्या मित्राकडेच?

याच समुदायाने सॉनिकफॉक्ससारखा खेळाडूही दिला, हेही सांगितलं पाहिजे. कृष्णवर्णीय, समलिंगी, अंगावर निळ्या कोल्ह्याचा पोशाख घालून मंचावर येणारा, आणि २०१८ साली ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये सर्वोत्तम ई-स्पोर्ट्स खेळाडू ठरलेला. लाखोंचे संघ असलेल्या खेळांना मागे टाकून.

२०२१मध्ये सोनीने एका भागीदारासोबत एव्हो विकत घेतली. २०२३ला एकट्या ‘स्ट्रीट फायटर ६’साठी ७,०००हून जास्त लोकांनी नाव नोंदवलं. नियम तोच, दोनदा हरलात की बाहेर. त्याच वर्षी हांगचौच्या एशियन गेम्समध्ये ‘स्ट्रीट फायटर ५’ला पदक होतं. सुवर्ण मिळालं कोरियाच्या किम ग्वान-वूला, वय वर्षं ४४. म्हणजे स्ट्रीट फायटर २ आला तेव्हा हा माणूस शाळकरी मुलगा होता. भारताकडून मयंक प्रजापती आणि अयान बिस्वास उतरले होते. पदक नाही आलं.

आणि ऑगस्ट २०२५मध्ये सोनीने आपला वाटा विकला. घेतला गुरुग्रामच्या नॉडविन गेमिंगने. सनीव्हेलच्या मिनी गोल्फमध्ये सुरू झालेल्या स्पर्धेत तेव्हा एका भारतीय कंपनीची मालकी आली. याचा आनंद व्हायला हरकत नाही, मला झाला. पण स्पर्धा विकत घेता येते, तशी ती शंभर-दोनशे लोकांची दुकानं विकत घेता येत नाहीत. आपल्याकडे टेक्कन मनापासून खेळणारी मुलं आहेत, बहुतेक आपापल्या खोलीत, हेडफोन लावून. लाहोर अमृतसरपासून पन्नासेक किलोमीटरवर आहे. नी कोरियाहून तिथे जाऊन बसला. आपल्याकडचा मुलगा त्या बाकावर जाऊन बसू शकत नाही, तिकडचा इकडे येऊ शकत नाही. दोघांची गाठ पडायची तर ती दुबईत किंवा लास वेगासला, तीही दोघांना व्हिसा मिळाला तर.